ताब्यातल्या माणसासोबत कुरखेड्यापर्यंत

ऊर्जानगर

बावीस मार्च, रविवार, सकाळी सव्वानऊ. मागितलेली रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर माणसं तीन : मी, माझी आई, आणि वरच्या क्वार्टरमधले वानखेडे, जे पेपर मागायला आले होते आणि मग गेलेच नाहीत.

माझी बायको ललिता त्या दिवशी श्रीलंकेत होती. आमच्याकडची काही मंडळी धम्मयात्रेला गेली होती. मला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी घरी होतो. फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. ललिता मॅडमच्या बॅगेत बंदी असलेली वस्तू सापडली, कोलंबोच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आहे, पैसे भरले तर वकील सोडवेल, नाही तर तुरुंग, असं तो म्हणाला. मागून एका बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. ते रडणं ललिताचं नव्हतं हे मी आज सांगू शकतो, तेव्हा सांगू शकलो नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ती फोनवर रडलेली मी कधी ऐकली नव्हती.

तिचा फोन लागत नव्हता. तो लागणार नाही हे मला माहीत होतं. ते दोन दिवस सगळी मंडळी एका ध्यानकेंद्रात राहणार होती आणि तिथे फोन जमा करावे लागतात. तरी बंद फोनची ती बाईची टेप मी तीनदा ऐकली.

"देऊन टाक बाप्पा," आई म्हणाली. "पैसे आणखी येतीन."

मी बँकेचं ॲप उघडलं. तेवढ्यात तो माणूस घाई करायला गेला आणि म्हणाला, "आपके साथ वाले रामटेके जी भी अंदर हैं. उनके घरवाले पैसा भर रहे हैं. आप सोचते रहिए."

गोंडपिपरीचे देवाजी रामटेके यात्रेला गेलेच नव्हते. त्यांचा पासपोर्ट वेळेत आला नाही. मंडळी निघाली त्या दिवशी चंद्रपूरच्या स्टँडवर, त्यांच्या तिकिटाचे किती पैसे परत मिळतील याचा हिशेब मीच त्यांना करून दिला होता.

मी विचारलं, "रामटेके भाऊ कैसे हैं?"

"रो रहे हैं. बहुत घबराए हुए हैं."

मी फोन कापला. भीतीची जागा रागाने घेतली होती. या लोकांना रामटेक्यांचं नाव कुठून मिळालं? वानखेड्यांनी खिडकीतून चौकाकडे बोट केलं.

तिथे आमचा फ्लेक्स होता. आमच्याकडे कोणी परदेशी निघालं की फ्लेक्स लागतोच, पुण्यामुंबईकडे लागतो की नाही माहीत नाही. वर पंचरंगी ध्वज, खाली आठ जणांचे फोटो, नावं, गावं, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, आणि शुभेच्छा द्यायला सोपं जावं म्हणून पाच घरांचे फोन नंबर. असाच फ्लेक्स गोंडपिपरी, चामोर्शी आणि कुरखेड्यातही लागला होता. फोन कोणत्या दोन दिवशी बंद राहतील हे आम्हीच रंगीत अक्षरांत छापून चौकात टांगलं होतं. फोटो आठ, गेलेले सात. ते चोरांना कळायचं कारण नव्हतं.

सायबरच्या मदत केंद्राला कळवलं. मग बाकीच्या घरांना फोन लावले. ऊर्जानगरातलं दुसरं घर वानखेड्यांनी समोर जाऊन सांभाळलं. गोंडपिपरीला रामटेक्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, फोन उचलला, हुंदका दिला आणि ठेवून दिला. चामोर्शीच्या खोब्रागडेबाई म्हणाल्या, "तुम्हीच चोर नाई कशावरून? आवाज तं आजकाल मशीनही काढते." आणि कुरखेड्याचा नंबर सारखा व्यस्त लागत होता. तासभर व्यस्त. मला ते बिलकूल आवडलं नाही. असे लोक एकदा माणूस हाती लागला की त्याला फोन ठेवूच देत नाहीत.

फोनवर भरवसा ठेवू नका, हे फोनवरून सांगणार कसं? मी मोटारसायकल काढली.

गोंडपिपरी

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या धुरातून बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला होता. कापूस वेचून झालेली शेतं, वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. दुपारच्या आत पोचलो.

रामटेक्यांची वस्ती गावाच्या टोकाला आहे. तिथल्या चौकात, फ्लेक्सच्या अगदी खाली, पन्नासएक माणसं जमली होती. मधे स्टुलावर स्टीलचा डबा. एक जण नाव पुकारून पैसे टाकत होता, दुसरा मोजत होता. देवाजीभाऊंना लंकेच्या जेलातून सोडवण्यासाठी वस्ती वर्गणी काढत होती. शांताबाई पदर तोंडाला लावून ओट्यावर बसल्या होत्या आणि खरोखर रडत होत्या.

मी जवळ गेलो तशा त्या मला घराच्या मागे घेऊन गेल्या.

"भाऊ, ते शेतातल्या खोपडीत आहेत."

"मग चौकात सांगत का नाही?"

"कसं सांगू? फोन आला तं चार बाया बसून होत्या. त्याईनंच तो स्पीकरवर टाकला. आता म्हणू का, नवरा घरीच आहे म्हणून? बँड लावून धाडलं लोकाईनं. मी भाकरीचं फडकं लपवून शेतात नेऊन राह्यली रोज."

शेत जवळच होतं. देवाजीभाऊ खोपडीसमोर पऱ्हाट्यांच्या जाळावर भात शिजवत बसले होते. दाढी वाढली होती.

"काऊन आले वो साहेब?"

"तुम्ही कोलंबोच्या जेलात आहात," मी म्हणालो.

त्यांनी भाताकडे पाहिलं. "बरं मंग. जेवाले बसा."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हार इतके होते का मान वर होत नव्हती. त्याच रात्री वापस आलो, कोणत्या तोंडानं गावात जाऊ? म्हटलं, सत्तावीस तारखेले मंडळी येईन, त्याईच्यासंग मीही बसमंधून उतरीन. ललिताबाईले बोधीवृक्षाची पानंही आणाले सांगितली होती. वाटाले."

"चौकात चौदा हजार तीनशे जमले आहेत. थोड्या वेळात पाठवतील."

त्यांनी जाळातली एक पऱ्हाटी मागे ओढली. मग विचारलं, "चौदाच?"

एवढं बोलून त्यांनी भात उतरवला, जाळावर पाणी टाकलं आणि खुंटीवरचा सदरा अंगात घातला.

आम्ही दोघं चौकात शिरलो तेव्हा नाव पुकारणं थांबलं. डब्याजवळचा माणूस उभा राहिला. "आले कसे? पैसे तं अजून धाडलेच नाई."

"सोडलं वाटते," एक म्हातारी म्हणाली.

"कोणी सोडलं नाई मावशी. कोणी धरलंच नव्हतं," देवाजीभाऊ म्हणाले. "पासपोर्ट आला नाई. मी इथीच होतो, शेतात. खोटं न बोलाचं चौथं शील रोज मोडून राह्यलो होतो. तुमाले काय म्हणायचं ते म्हणा. पण ते पैसे आपापल्या घरी न्या. ज्यानं मागतले तो चोर आहे, अन् त्याले माहा नंबर या फ्लेक्सनं दिला."

चौक आधी चिडला, मग हसायला लागला, मग पुन्हा चिडला. एकाने हाराचे पैसे परत मागितले. दुसरा म्हणाला, "लंका कशी होती भाऊ? ऊन लई होतं काय?" ते त्यांना फार दिवस ऐकावं लागणार हे दिसतच होतं. पण डबा स्टुलावरच उलटा केला गेला आणि नाव पुकारून घेतलेले पैसे नाव पुकारूनच परत दिले. शेवटी वीस रुपये जास्त निघाले. ते कोणाचे हे कोणी सांगेना, म्हणून त्याचा चहा आला.

मी कुरखेड्याला फोन लावला. व्यस्त.

"कोण आहे तिथी?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"आपल्या यात्रेतल्या इंदूबाईंची मुलगी, पौर्णिमा. शिवणकाम करते. घरात मायलेकी दोघीच."

"मंग मी येतो. तुमचं ते ऐकणार नाई. तुमचा फोटो फ्लेक्सवर कुठी आहे?"

चामोर्शी

वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि धूळही बदलते. आमच्या ऊर्जानगरला धूळ काळी. कपडे वाळत घालताना बायका आधी दोरी पुसतात. आष्टीपासून पुढे ती तांबडी होते. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक जातात आणि रस्त्याकडेची झाडं, पाट्या, शेळ्या सगळं विटकरी दिसतं. अशाच एका खड्ड्यात आमचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्यापर्यंत गाडी ढकलत नेली. देवाजीभाऊ मागून लोटत होते आणि म्हणत होते, "जेलातून सुटलो तं सक्तमजुरीले लागलो."

चामोर्शीला पोचेपर्यंत दिवस कलला. खोब्रागडेबाई निवृत्त नर्स आहेत, त्यांचे यजमान यात्रेला गेले होते. त्यांनी फाटक उघडलं नाही. फाटकाच्या आतून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग देवाजीभाऊंना पाहिलं.

"तुम्ही तं आत आहात ना?"

"पॅरोलवर आलो, बाई."

मग फाटक उघडलं. हातपाय धुवायला पाणी आलं. आमच्याकडे क्वार्टरमध्ये पाहुण्याला आधी सोफा दाखवतात, इथे आधी पाण्याची बादली. तांबड्या धुळीत चालून आलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो.

त्यांनाही तोच फोन आला होता. "मी म्हटलं, बाबू, आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा दुखते. कोणता दुखते ते त्याले विचारून सांग. तो म्हणते, बायाँ. मी म्हटलं, दोन्ही दुखतेत, ठेव."

"उजवा म्हटला असता तर?" मी विचारलं.

"तरी ठेव म्हटलं असतं. दोन्ही दुखतेत हे फकत मले ठाऊक आहे. सातही दिवस लंकेच्या पायऱ्या चढून राह्यला असन अन् कोणाले सांगत नसन."

मला ती गोष्ट फार पटली. लॉकरच्या किल्ल्या, विम्याचे कागद, गोळ्यांचं वेळापत्रक, सगळं मी ललिताकडून समजून घेतलं होतं. पण तूच तू आहेस हे कशावरून ओळखायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. आता आमच्या घरात तसा एक प्रश्न आहे. तो इथे लिहिणार नाही.

बाईंची नोकरी काही वर्षं कुरखेड्याला झाली होती. त्यांनी तिथल्या ठाण्यात फोन करून माणूस पाठवायला लावला. तो पौर्णिमाच्या दुकानावर जाऊन आला. रविवार, दुकान बंद. घर कुठे ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. फोन तसाच व्यस्त.

"आज बँक बंद आहे," बाई म्हणाल्या. "जे काय मोठं होईन ते उद्या दहाच्या नंतर. जेवा अन् झोपा. पहाटे निघा."

लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी आणि भात. आमच्याकडे भात शेवटी घासभर येतो, इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. देवाजीभाऊंनी तीनदा घेतला. वाढताना बाई म्हणाल्या, "त्या फ्लेक्सवर नंबर टाकायची अक्कल कोणाची?"

"सगळ्यांची," मी म्हणालो.

"म्हणजे कोणाचीच नाई," असं म्हणून त्यांनी आणखी दोन वडे वाढले. उरलेले सकाळी बांधून दिले.

कुरखेड्याच्या वाटेवर

पहाटेच निघालो. गडचिरोली मागे पडली, आरमोरी मागे पडली, जंगल रस्त्याला लागलं. मोहाचा हंगाम होता. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली, त्यावर पिवळट फुलांचा सडा, आणि हवेत तो गोड, थोडा आंबूस वास. ज्याने तो घेतला नाही त्याला मी कितीही लिहिलं तरी कळायचा नाही. पण झाडांखाली माणूस नव्हता. टोपल्या घेतलेल्या बाया रस्त्यावरच उभ्या होत्या.

पुढे वनरक्षकांनी दोरी आडवी धरली होती. हत्ती. रानहत्तींचा कळप डावीकडच्या बांबूत होता आणि रस्ता ओलांडायच्या बेतात होता.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"ते त्याईलेच विचारा," वनरक्षक म्हणाला.

नेटवर्क नव्हतं. कुरखेड्याचा फोन व्यस्त तरी आहे की नाही हेही कळेना. मी आयुष्यात कधी कुठे उशिरा पोचलो नाही आणि तिथे हात बांधून उभा होतो. आठ वाजून गेले, साडेआठ झाले. शेजारची एक बाई शांतपणे टोपलीवर बसून होती. तिची रात्री पडलेली फुलं बांबूपलीकडे उन्हात सुकत होती. मी चुळबुळतोय हे पाहून ती म्हणाली, "मोठ्याले वाट द्यावं लागते. चोराले नाई."

तिला आमची गोष्ट देवाजीभाऊंनी तोवर सांगून टाकली होती. रांगेतल्या सगळ्यांनाच सांगितली होती.

बांबू कडाडले. करडी पाठ, मग दुसरी, पायांमधून एक पिल्लू. कोणी फोटो काढला नाही. दोरी सुटली तेव्हा सव्वानऊ झाले होते.

कुरखेडा

दुकान बंद. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, "पौर्णिमा? आत्ताच बँकेत गेली. कानाले फोन लावून. कालपासून कोणाशी बोलून नाई राह्यली."

बँकेत तिच्यापुढे दोघं होते. डोक्यावरून दुपट्टा घेतलेला, एका हातात मोडायच्या मुदत ठेवीची पावती आणि पासबुक, दुसऱ्या हातात कानाशी धरलेला फोन. मंडळींना निरोप द्यायला ती चंद्रपूरला आली होती, म्हणून मी चेहरा ओळखला. देवाजीभाऊ मागे राहिले हे मात्र तिला तेव्हा गर्दीत कळलं नव्हतं. तिने माझा ओळखला नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, "पौर्णिमा, मी ललिताबाईंचा नवरा. पैसे भरू नको."

तिने फोनवर हात ठेवला. "बाजूला व्हा. कोणी येऊन अडवीन हे त्याईनं सांगून ठेवलं आहे."

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी आमच्यासाठीही जागा ठेवली होती. मी आणखी काही बोललो असतो तरी ते त्यांच्याच खात्यात जमा झालं असतं. मी मागे झालो.

देवाजीभाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले.

तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. "तुम्ही तं आईसंग आत आहात."

"इथी आहो मी, माय. दे बरं तो फोन."

तिने दिला नाही. त्यांनी हळूच तिच्या हातातून काढून घेतला, स्पीकरवर टाकला आणि आपल्या हिंदीत विचारलं, "रामटेके कैसा है?"

"कौन बोल रहा है? लडकी को फोन दो."

"देता ना. पैले बताव, रामटेके कैसा है?"

"लॉकअप में है. रो रहा है."

"उसको खाना-गिना दिया क्या?"

"तुम कौन हो?"

"मैंच रामटेके. सुबे से दो वडे खाया फकत. तुम्हारे जेल में खाना नाई मिलते."

रांगेतला एक म्हातारा मोठ्याने हसला आणि मग अख्खी रांग हसली. पलीकडून फोन कापला गेला.

पौर्णिमा हसली नाही. ती तिथेच बाकावर बसली आणि म्हणाली, "मंग आई कुठी आहे?"

याचं उत्तर आमच्याकडे तेच होतं, ध्यानकेंद्रात, फोन उद्या सकाळी मिळेल. खोटं असो की खरं, कालपासून त्या आवाजाशिवाय तिला आईचा दुसरा धागा नव्हता, आणि तो आम्ही आत्ता तोडला होता. म्हणून आम्ही त्या दिवशी परत निघालो नाही. बँकेच्या साहेबांनी मदत केली, तक्रार नोंदवली, कारण काल संध्याकाळी तिने फोनवरून वीस हजार पाठवून टाकले होते. मग आम्ही तिच्या दुकानात बसून राहिलो. ती कोणाचं तरी ब्लाउज शिवत होती, उसवत होती, पुन्हा शिवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. नंबर लंकेचा होता. तिने उचलला आणि काही बोलायच्या आधी विचारलं, "आई, माह्या मशीनचं पायडल कशानं बांधलं आहे?"

"तुह्या बापाच्या जुन्या पट्ट्यानं," पलीकडून इंदूबाई म्हणाल्या. "काऊन व? तुटलं काय?"

तेव्हा ती रडली. देवाजीभाऊ बाहेर जाऊन चहा सांगून आले.

पुन्हा ऊर्जानगर

मंडळी सत्तावीसला परतली. ललिताला सगळं सांगितलं तेव्हा तिने पहिली गोष्ट विचारली ती ही, "एक ऐंशी? अन् तू तेवढ्यासाठी बँक उघडली? घासाघीस केली नाई?" देवाजीभाऊंची बोधीवृक्षाची पानं तिने आणली होती. त्यांनी ती चौकात वाटली, आपण गेलो नव्हतो हे सांगून वाटली.

त्या आठवड्यात बैठक झाली. काही जण म्हणाले, जे झालं ते झालं, बाहेर बोलू नका, लोक हसतील, यात्रेचं नाव खराब होईल. मी म्हणालो, नाव खराब व्हायचं तर चोरांचं व्हावं. आपण गप्प बसलो तर पुढच्या घरी तोच फोन येईल, तेच रडणं ऐकवतील, आणि तिथला रामटेके कदाचित खरोखर गेलेला असेल. पौर्णिमाला विचारलं, लोकांना सांगताना तुझं नाव गाळायचं का? बाकी घरांनी मिळून तिचे वीस हजार भरून द्यायची तयारी दाखवली होती. तिने ते घेतले नाहीत आणि नावही गाळू दिलं नाही. "माहे गेले," ती म्हणाली. "मी फसली हे मी सांगीन. त्याले काऊन लाजू?" त्या पैशांचा अजून पत्ता नाही.

म्हणून चारही चौकांत जुने फ्लेक्स उतरवून नवे लावले. मधोमध देवाजीभाऊंचा फोटो, दाढीसकट. खाली काय घडलं ते, कोणाला फोन आला ते, कुरखेड्यात किती गेले आणि कोणाचे गेले ते, आणि परदेशी जाण्याआधी घरच्यांशी एक प्रश्न ठरवून जा, ही सूचना.

फ्लेक्सवाल्याने मजकूर वाचला आणि सवयीने विचारलं, "खाली संपर्क कोणाचा टाकू?"

"कोणाचाच नाई," देवाजीभाऊ म्हणाले. "ज्याले काम असन तो घरी येईन."

चार फ्लेक्सचे तीन हजार आठशे चाळीस रुपये झाले. दोन हजार मी दिले. उरलेले अठराशे चाळीस, मोठा फोटो आपला आहे म्हणून, देवाजी रामटेक्यांनी फ्लेक्सवाल्याच्या हातात मोजून दिले.